प्रिंटर फर्मवेअरद्वारे शाई-निर्बंध

प्रिंटर फर्मवेअरद्वारे शाई-निर्बंध ही संगणकाच्या प्रिंटरचे काही उत्पादक अवलंबत असलेली व्यापारी पद्धत होय. या पद्धतीत, विकून झालेल्या आणि ग्राहकाच्या घरी वा कार्यालयात चालू असलेल्या प्रिंटरची अंतर्गत आज्ञावली (फर्मवेअर) इंटरनेटवरून बदलली जाते. त्यानंतर तो प्रिंटर अन्य कंपन्यांनी बनवलेले शाईचे किंवा टोनरचे कार्ट्रिज स्वीकारेनासा होतो. कार्ट्रिजमध्ये शाई असते, ते कालपर्यंत व्यवस्थित छापतही असते. परंतु अपडेटनंतर प्रिंटर ते ओळखत नाही आणि छपाई थांबवतो.

या पद्धतीचे सर्वाधिक चर्चिले गेलेले उदाहरण म्हणजे एचपी या अमेरिकी कंपनीची ‘डायनॅमिक सिक्युरिटी’ ही व्यवस्था. तिच्याविरुद्ध २०१६ पासून अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि युरोपात तक्रारी व दावे झाले. शाई महाग आहे ही जुनीच तक्रार होती. नवा प्रश्न मालकीचा होता: पूर्ण किंमत देऊन घेतलेली वस्तू पुढे कशी वागेल, हे विक्रीनंतरही विक्रेत्याने ठरवावे काय?

स्वस्त यंत्र, महाग शाई

शाई तापवून तिचा सूक्ष्म थेंब कागदावर फेकण्याचे तंत्र १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात जपानमध्ये कॅनन आणि अमेरिकेत एचपी या दोन कंपन्यांत स्वतंत्रपणे आकारास आले. कॅननच्या प्रयोगशाळेत १९७७ साली डाग देण्याची गरम सळई चुकून शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला लागली आणि शाई उडाली, त्यातून ही कल्पना सुचली, असे सांगितले जाते. एचपीने १९८४ साली ‘थिंकजेट’ हा प्रिंटर बाजारात आणला. त्यात शाईची कुपी आणि शाई फेकणारी सूक्ष्म छिद्रे एकाच डबीत होती. शाई संपली की छिद्रांसह सारी डबी टाकून द्यायची. छिद्रे वाळलेल्या शाईने बुजत असल्यामुळे ही रचना तांत्रिकदृष्ट्या सयुक्तिक होती, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे. कार्ट्रिज बदलण्याची रीत ग्राहकाला अडकवण्यासाठी जन्मली नाही. तो उपयोग पुढे ध्यानात आला.

१९८८ साली आलेल्या ‘डेस्कजेट’ची किंमत सुमारे १,००० डॉलर होती. पुढील काळात घरगुती प्रिंटरच्या किमती झपाट्याने उतरल्या आणि यंत्र उत्पादनखर्चाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी किमतीस विकून नफा शाईवर मिळवण्याचे गणित रूढ झाले. एचपीचे तत्कालीन मुख्य कार्यकारी अधिकारी एन्रिके लोरेस यांनी जानेवारी २०२४ मध्ये एका दूरचित्रवाणी मुलाखतीत हे गणित उघडपणे मांडले. यंत्रावर कंपनी तोटा सोसते व शाईवर कमावते. ग्राहकाने पुरेसे छापले नाही किंवा कंपनीची शाई वापरली नाही, तर ती गुंतवणूक वाया जाते, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. येथे गुंतवणूकदार कंपनी आहे आणि गुंतवणूक ग्राहकात झालेली आहे. पैसे मात्र ग्राहकानेही मोजलेले असतात.

या गणिताला ‘वस्तरा आणि पाती’ असे म्हणतात व त्याचे जनकत्व जिलेट कंपनीला दिले जाते. प्रत्यक्षात जिलेटचा वस्तरा आरंभी ५ डॉलरला, म्हणजे त्या काळच्या मानाने बराच महाग विकला जात असे. वस्तरा स्वस्त करण्याचे धोरण कंपनीने मूळ पेटंटची मुदत १९२१ मध्ये संपल्यानंतर स्वीकारले. गणिताचा कमकुवत दुवा मात्र दोन्हीकडे सारखाच आहे. यंत्र स्वस्तात विकल्यावर शाई दुसऱ्याच कोणी विकली, तर तोटा यंत्र विकणाऱ्याच्या पदरी राहतो. प्रिंटर उद्योगात असे ‘दुसरे’ तीन प्रकारचे आहेत: रिकाम्या मूळ कार्ट्रिजमध्ये पुन्हा शाई भरणारे, मूळ कार्ट्रिज साफसूफ करून व त्याचे झिजलेले भाग बदलून विकणारे आणि तशाच मापाचे नवे ‘कॉम्पॅटिबल’ कार्ट्रिज घडवणारे.

कार्यपद्धती

बहुतेक आधुनिक कार्ट्रिजवर नखाएवढी किंवा त्याहूनही लहान चिप असते. तीत कार्ट्रिजचा अनुक्रमांक, रंग, प्रकार आणि शिल्लक शाईचा अंदाज यांची नोंद राहते. शाईची पातळी बहुधा मोजली जात नाही. किती थेंब फेकले यावरून ती हिशेबाने काढली जाते. म्हणूनच पुन्हा भरलेले कार्ट्रिज काठोकाठ असूनही प्रिंटर ते रिकामे असल्याचे सांगतो.

याच चिपकडे ओळख पटवण्याचे काम सोपवलेले असते. प्रिंटर चिपला एक प्रश्न, म्हणजे एखादी संख्या, पाठवतो. चिप आपल्याजवळील गुप्त किल्लीच्या आधारे उत्तर काढून परत धाडते. उत्तर जुळले तरच छपाई सुरू होते. कॉम्पॅटिबल चिप बनवणारे कारागीर मूळ चिपचा अभ्यास करून हे उत्तर साधतात, आणि प्रिंटरचे फर्मवेअर कायम राहिले तर खेळ तेथेच संपतो. परंतु प्रिंटर इंटरनेटला जोडलेला असल्यास कंपनी फर्मवेअर बदलून प्रश्नच बदलू शकते. मूळ चिपला नव्या प्रश्नाचे उत्तर आधीपासून ठाऊक असते, नकली चिपला नसते. दुकानात पडून असलेला कॉम्पॅटिबल माल एका रात्रीत निरुपयोगी होतो. कारागीर नवी चिप काढतात आणि पुढच्या अपडेटला पुन्हा तेच घडते.

एचपीच्या व्यवस्थेत अडवणूक चिपच्या आधारे होते, शाईच्या नव्हे. मूळ एचपी चिप कायम ठेवून पुन्हा भरलेले कार्ट्रिज चालते, असे कंपनी सांगते. हा भेद महत्त्वाचा आहे, कारण ‘निकृष्ट शाईपासून यंत्राचे संरक्षण’ हे समर्थन त्यामुळे लंगडे पडते. मूळ चिपच्या डबीत कोणतीही शाई भरली तरी प्रिंटरला ते कळत नाही.

फर्मवेअरच्या आधीचा लढा

हा संघर्ष आधी न्यायालयात लढला गेला. अमेरिकेतील केंटकी राज्यातील लेक्समार्क कंपनी काही टोनर कार्ट्रिजे सुमारे २० टक्के सवलतीने विकत असे. अट ही, की ते एकदाच वापरून रिकामे झाल्यावर कंपनीकडेच परत करायचे. अट पाळली जावी म्हणून कार्ट्रिजवर चिप होती. नॉर्थ कॅरोलिनातील स्टॅटिक कंट्रोल कंपोनंट्स या कंपनीने त्या चिपची नक्कल करून ती कार्ट्रिज पुन्हा भरणाऱ्यांना विकली. लेक्समार्कने २००२ च्या अखेरीस दावा लावला. आधार होता १९९८ चा डिजिटल मिलेनियम कॉपीराइट कायदा. संगीत, चित्रपट यांसारख्या कृतींचे डिजिटल कुलूप तोडण्यास मनाई करणारा हा कायदा टोनरच्या डबीला लावण्यात आला होता.

खालच्या न्यायालयाने २००३ मध्ये लेक्समार्कच्या बाजूने तात्पुरता मनाईहुकूम दिला. ऑक्टोबर २००४ मध्ये सहाव्या विभागाच्या अपील न्यायालयाने तो रद्द ठरवला. प्रिंटर विकत घेणाऱ्याला त्यातील आज्ञावली तशीही वाचता येते; तेव्हा चिपने त्या आज्ञावलीकडे जाणारी वाट खऱ्या अर्थाने अडवलेलीच नाही, असे न्यायालयाचे म्हणणे होते. पुढचे दार उघडे असलेल्या घराच्या मागील दाराला कुलूप लावले म्हणून घर बंद होत नाही, हा निकालातील दृष्टान्त तेव्हापासून वारंवार सांगितला जातो.

लेक्समार्कने पुढे पेटंटचा आधार घेतला. वेस्ट व्हर्जिनियातील इम्प्रेशन प्रॉडक्ट्स ही छोटी कंपनी वापरलेली कार्ट्रिजे घेऊन, चिप बदलून व टोनर भरून विकत असे. लेक्समार्कविरुद्धचा तिचा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ३० मे २०१७ रोजी न्यायालयाने निर्णय दिला, की पेटंटधारकाने वस्तू एकदा विकली की तिच्यावरील त्याचे पेटंटहक्क संपतात. विक्री देशात झाली काय किंवा परदेशात, आणि विक्रीच्या वेळी कोणतीही अट घातली असली तरीही. सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी जुन्या मोटारी दुरुस्त करून विकणाऱ्या दुकानाचे उदाहरण दिले. गाडीच्या हजारो सुट्या भागांच्या निर्मात्यांपैकी प्रत्येकाला विक्रीनंतरही हक्क सांगता आला, तर असे दुकान चालणारच नाही.

कायद्यापुरता प्रश्न अशा रीतीने बराचसा ग्राहकाच्या बाजूने सुटला होता. कार्ट्रिज पुन्हा भरण्यास कायद्याची हरकत उरली नव्हती. प्रिंटरची हरकत मात्र शिल्लक होती, आणि प्रिंटरला निकालपत्र दाखवून उपयोग नसतो.

१३ सप्टेंबर २०१६

वरील निकालाच्या काही महिने आधी एचपीच्या ऑफिसजेट, ऑफिसजेट प्रो आणि ऑफिसजेट प्रो एक्स या मालिकांतील अनेक प्रिंटरांनी एकाच दिवशी कॉम्पॅटिबल कार्ट्रिजे नाकारण्यास सुरुवात केली. तो दिवस होता १३ सप्टेंबर २०१६. नेदरलँड्समधील १२३इंक्ट या शाईविक्रेत्या दुकानाकडे एकाच वेळी तक्रारींचा ओघ सुरू झाला, तेव्हा हा प्रकार उजेडात आला. तपासाअंती दिसले, की त्या दिवशी कोणतेही अपडेट आलेले नव्हते. निर्बंध काही महिन्यांपूर्वीच्या फर्मवेअरमध्ये पेरून ठेवलेला होता आणि ठरलेल्या तारखेला तो जागा झाला. ज्यांनी मधल्या काळात विश्वासाने अपडेट घेतले होते, त्यांना आपण नेमके काय स्वीकारले हे कळण्यास मार्ग नव्हता.

पडद्यावरील संदेशही दिशाभूल करणारा होता. कार्ट्रिजमध्ये बिघाड असल्याचे आणि ते बदलण्याची गरज असल्याचे प्रिंटर सांगत होता. कार्ट्रिज बिघडलेले नव्हते. अनेकांनी चांगली कार्ट्रिजे फेकून दिली व दुकानदाराला दोष दिला. या प्रकरणात ग्राहकांचा रोष सर्वाधिक उसळला तो बहुधा याच मुद्द्यावर. प्रिंटरने ‘ही शाई मला चालत नाही’ असे सरळ सांगितले असते, तर वाद निराळ्या पातळीवर राहिला असता.

डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनच्या वतीने कोरी डॉक्टरो यांनी २६ सप्टेंबर रोजी एचपीला खुले पत्र लिहिले. सुरक्षेसाठी असलेल्या अपडेटच्या वाटेने ग्राहकाच्या हिताविरुद्धचा बदल पाठवला, तर लोक अपडेट घेणेच बंद करतील आणि त्यामुळे सर्वांचीच यंत्रे असुरक्षित होतील, हा त्यातील मुख्य आक्षेप होता. दोनच दिवसांनी एचपीने पुरेशी पूर्वसूचना न दिल्याबद्दल क्षमायाचना केली आणि निर्बंध काढणारे ऐच्छिक फर्मवेअर देण्याचे मान्य केले. क्षमा सूचनेच्या अभावाबद्दल होती. निर्बंध योग्यच असल्याची आणि पुढेही चालू राहणार असल्याची भूमिका कंपनीने कायम ठेवली. ऐच्छिक फर्मवेअर ग्राहकाने स्वतः शोधून बसवायचे होते. निर्बंध जसा आपोआप आला तसा तो गेला नाही.

दावे, दंड आणि तडजोडी

अमेरिकेतील सामूहिक दाव्यात एचपीने २०१८ मध्ये १५ लाख डॉलरची तडजोड केली आणि दाव्यातील प्रिंटरांवर ही व्यवस्था पुन्हा चालू न करण्याचे मान्य केले. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाच्या स्पर्धा व ग्राहक आयोगापुढे कंपनीने बाधित ग्राहकांना प्रत्येकी ५० ऑस्ट्रेलियन डॉलर देण्याची हमी दिली. युरोपातील ग्राहक संघटनांच्या समूहाशी २०२२ मध्ये झालेल्या तडजोडीचा लाभ बेल्जियम, इटली, स्पेन आणि पोर्तुगाल येथील ग्राहकांना मिळाला.

इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने डिसेंबर २०२० मध्ये ठोठावलेला १ कोटी युरोचा दंड अधिक लक्षणीय आहे, कारण त्यात दोन वेगळे दोष दाखवले गेले. पहिला, विक्रीच्या वेळी निर्बंधाची स्पष्ट कल्पना न देणे. दुसऱ्याची फारशी चर्चा होत नाही: ग्राहक कोणते कार्ट्रिज वापरतो याची माहिती प्रिंटरचे फर्मवेअर त्याच्या नकळत कंपनीकडे जमा करत होते आणि कंपनी व्यापारी धोरण आखण्यासाठी, तसेच हमीखालील दुरुस्ती नाकारण्यासाठी तिचा उपयोग करत होती, असे प्राधिकरणाने म्हटले.

या कारवायांचा परिणाम झाला, पण तो अपेक्षेपेक्षा निराळा. व्यवस्था बंद झाली नाही, ती जाहीर झाली. एचपीच्या अनेक मॉडेलांच्या माहितीत आता असे स्पष्ट छापलेले असते, की हा प्रिंटर एचपी चिप असलेल्या कार्ट्रिजसाठीच आहे आणि नियमित अपडेटमुळे आज चालणारे अन्य कार्ट्रिज उद्या चालणार नाही. सूचना दिल्यावर फसवणुकीचा आक्षेप दुबळा होतो. डिसेंबर २०२० मध्ये कॅलिफोर्नियात दाखल झालेला लेझर प्रिंटरविषयीचा दुसरा दावा २०२५ मध्ये मिटला, तेव्हा सामान्य ग्राहकांना पैसे मिळाले नाहीत. ठरावीक मॉडेलांवर असे अपडेट नाकारण्याची मुभा मिळाली. कंपनीने कोणताही दोष मान्य केला नाही.

कंपन्यांची बाजू

उत्पादकांचे युक्तिवाद मुख्यतः तीन आहेत: बौद्धिक संपदेचे रक्षण, छपाईचा दर्जा आणि सुरक्षा. पहिल्यात तथ्य आहे. कंपनीच्या नावाचा खोटा शिक्का मारलेली कार्ट्रिजे बाजारात असतात आणि ती ग्राहकालाही फसवतात. तथापि, स्वतःच्या नावाने कॉम्पॅटिबल माल विकणारा व्यापारी आणि बनावट माल विकणारा, यांत फर्मवेअर भेद करत नाही.

दर्जाचा युक्तिवादही सर्वस्वी पोकळ नाही. हलकी शाई छिद्रे बुजवते, सैल कार्ट्रिजमधून टोनर सांडतो. मात्र हा धोका पत्करण्याचा निर्णय एरवी वस्तूच्या मालकाचा मानला जातो.

सुरक्षेचा युक्तिवाद सर्वांत नवा आहे. कार्ट्रिजच्या चिपमधून प्रिंटरमध्ये व तेथून संगणकाच्या जाळ्यात घातक आज्ञावली शिरू शकते, असे लोरेस यांनी वरील मुलाखतीत सांगितले. त्यामागे एचपीनेच बक्षीस लावून करवून घेतलेले, २०२२ साली प्रसिद्ध झालेले संशोधन होते. त्यात असा हल्ला प्रयोगात करून दाखवण्यात आला होता. सुरक्षातज्ज्ञांपैकी अनेकांनी यावर शंका घेतली. चिपकडून येणारी माहिती प्रिंटरने नीट तपासून घेतली तर वाट बंद होते. त्यासाठी साऱ्या परक्या चिपांना बंदी घालणे आवश्यक नाही, असे त्यांचे म्हणणे पडले.

चिपच्या अनिवार्यतेविषयीचा सर्वांत बोलका पुरावा अनपेक्षित ठिकाणाहून आला. जगभर चिपांचा तुटवडा असताना कॅननला आपल्या काही कार्यालयीन यंत्रांची मूळ टोनर कार्ट्रिजेच चिपविना पुरवावी लागली. यंत्रे स्वाभाविकच त्यांना परके समजू लागली. जानेवारी २०२२ मध्ये कॅननच्या जर्मन शाखेने ग्राहकांना इशाऱ्याचा संदेश ओलांडून छपाई कशी चालू ठेवावी, हे स्वतःच समजावून सांगितले. छपाईच्या दर्जावर परिणाम होणार नाही, फक्त टोनरची पातळी नीट दिसणार नाही, असा खुलासाही तिने केला.

वर्गणीची शाई

एचपीने २०१३ मध्ये ‘इन्स्टंट इंक’ ही योजना आणली. तीत ग्राहक शाई विकत घेत नाही. महिन्याला ठरावीक पानांसाठी पैसे भरतो व कार्ट्रिज घरपोच येते. वर्गणी बंद केली की प्रिंटरमधील अर्धे भरलेले कार्ट्रिजही छापणे थांबवते. २०२० च्या ‘एचपी प्लस’ योजनेत काही महिन्यांची शाई मोफत मिळते. त्या बदल्यात प्रिंटर कायम इंटरनेटला जोडलेला ठेवणे आणि त्याच्या आयुष्यभर मूळ शाईच वापरणे बंधनकारक होते. एकदा संमती दिली की ती मागे घेता येत नाही. या योजना ग्राहक जाणूनबुजून स्वीकारतो, त्यामुळे २०१६ च्या प्रकरणाशी त्यांची सरमिसळ करणे योग्य नाही; क्वचित छापणाऱ्यांना काही वेळा त्या स्वस्तही पडतात.

अपडेट टाळण्याचे परिणाम

स्वयंचलित अपडेट बंद करणे हा बाधित ग्राहकांना सामान्यतः सुचवला जाणारा उपाय आहे. बऱ्याच प्रिंटरांत ही सोय असते. जुन्या फर्मवेअरकडे परतणे मात्र पुष्कळदा शक्य नसते, कारण नवे फर्मवेअर आपल्याहून जुन्या आवृत्तीला प्रवेश देत नाही. अपडेट बंद ठेवल्यास सुरक्षेतील खऱ्या त्रुटींच्या दुरुस्त्याही येत नाहीत. दोन्ही बदल एकाच गठ्ठ्यात येत असल्याने ग्राहकाला निवड करता येत नाही. उलट, आपोआप येणारे अपडेट निर्दोष असतेच असेही नाही: मे २०२३ मध्ये एचपीच्या ऑफिसजेट प्रो ९०२०ई मालिकेतील काही प्रिंटर एका सदोष अपडेटनंतर निळा पडदा दाखवून पूर्णतः बंद पडले होते.

पर्यावरणाचा प्रश्न

जे कार्ट्रिज पुन्हा भरता येत नाही ते कचऱ्यात जाते. युरोपीय संघाच्या २०१२ च्या विद्युत व इलेक्ट्रॉनिक कचराविषयक निर्देशातील चौथ्या कलमात, मुद्दाम केलेल्या रचनेद्वारे उपकरणांच्या पुनर्वापरास आडकाठी करू नये, अशी तरतूद आहे. कार्ट्रिज पुनर्निर्मात्यांच्या एका आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२३ मध्ये याच मुद्द्यावर एचपीच्या प्रिंटरांना मिळालेली पर्यावरणस्नेही नोंदणी रद्द करण्याची मागणी केली होती.

भारतातील स्थिती

भारतात या प्रश्नाचे स्वरूप काहीसे वेगळे आहे. झेरॉक्सची दुकाने, शाळा, वकिलांची कार्यालये आणि सेतू केंद्रे यांत वर्षानुवर्षे दिसणारे एचपी लेझरजेट १०२० किंवा कॅनन एलबीपी २९०० यांसारखे प्रिंटर चिपविरहित कार्ट्रिजवर चालतात. कार्ट्रिज उघडायचे, उरलेली पूड झटकायची, ड्रम व पट्टी तपासायची आणि नवा टोनर भरायचा, हा लहान शहरांतूनही चालणारा स्वतंत्र व्यवसाय त्यावर उभा राहिला. चिप असलेल्या व इंटरनेटला जोडलेल्या नव्या प्रिंटरांमुळे याच व्यवसायावर गदा येते.

शाईच्या प्रिंटरांबाबत आशियातील ग्राहकांनी स्वतःच वाट काढली. बाहेर बाटल्या ठेवून त्यांतून बारीक नळ्यांनी प्रिंटरला सतत शाई पुरवण्याची जोडणी बाजारात सर्रास मिळू लागली. एप्सन कंपनीने २०१० मध्ये इंडोनेशियात आणि त्यानंतर भारतात मोठ्या टाकीचे प्रिंटर आणले, ते या जुगाडाला कंपनीने दिलेले उत्तर होते. यंत्र महाग आणि बाटलीतील शाई स्वस्त, असे गणित उलटे झाले. सवय मात्र लगेच सुटली नाही: आरंभीच्या काही मॉडेलांत मूळ बाटलीवरील सांकेतिक क्रमांक दिल्याखेरीज प्रिंटर टाकी भरल्याचे मान्य करत नसे. पुढे कॅनन, एचपी आणि ब्रदर यांनीही टाकीचे प्रिंटर काढले.

फर्मवेअरद्वारे शाई अडवण्यास नाव घेऊन मनाई करणारी तरतूद भारतीय कायद्यात नाही. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मधील अनुचित व्यापारी प्रथेची व्याख्या आणि स्पर्धा अधिनियम, २००२ या दोन आधारांवर तक्रार करण्यास वाव आहे. सुट्या भागांच्या बाबतीत भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना एकूण सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. मूळ सुटे भाग व दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांना न मिळू देणे हा त्यांचा दोष ठरला. कंपन्यांनी त्याविरुद्ध दाद मागितली. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली व डिसेंबर २०२२ मध्ये त्यासाठी संकेतस्थळ सुरू केले. शेतीची अवजारे, भ्रमणध्वनी व इलेक्ट्रॉनिक उपकरणे, घरगुती वापराची टिकाऊ उपकरणे आणि वाहने ही क्षेत्रे त्यासाठी प्रथम निवडण्यात आली.